सातवी ते दहावीचा वर्ग: वय ओळखून तास कसा घ्यावा

सहावीत "मी सांगते बाई, मी सांगते" म्हणत बाकावरून अर्धी उठणारी मुलगी आठवीत उत्तर येत असूनही मान वर करत नाही. वही आधी तपासून घ्यायला रांगेत भांडणारा मुलगा आता वहीच आणत नाही, आणि विचारलं तर खांदे उडवतो. शिक्षकखोलीत याचं निदान ठरलेलं आहे: मोबाईल, नाहीतर घरचे लाड. दोन्हींचा वाटा असेलही. पण मोबाईल नव्हते तेव्हाही हा बदल याच इयत्तांत होत होता. साधारण ११ ते १६ या वयात मुलाच्या मनात 'मला हे येतं का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'येत नाही हे यांच्यासमोर दिसलं तर' हा पुढे येतो. खालच्या बहुतेक सूचना या 'यांच्यासमोर'चा विचार करून केलेल्या आहेत.

हाताशी साठ मुलं, ३५ मिनिटांची तासिका आणि एक फळा आहे, असं इथे धरलं आहे. प्रोजेक्टर असेल तर उत्तम, पण त्यावाचून काही अडत नाही.

एका वर्गात अनेक वयं

मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ यांपैकी कधीही झाली तरी ती सर्वसामान्य समजली जाते. त्यामुळे सातवीच्या एका तुकडीत पूर्ण वाढीला लागलेली मुलगी आणि अजून पाचवीतला दिसणारा मुलगा शेजारी शेजारी बसलेले असतात. दोघांची जन्मतारीख एकाच महिन्यातली असू शकते.

इथे शिक्षकांकडून एक चूक हमखास होते. उंच मुलाला मोठा समजून जबाबदारी दिली जाते आणि चुकला की "एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही" हे ऐकवलं जातं. उंचीचा आणि आत्मसंयमाचा मेळ नसतो. मेंदूचा कपाळामागचा भाग योजना आखणं, परिणामांचा अंदाज घेणं, हात आवरणं ही कामं सांभाळतो आणि तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. बक्षीस, थरार आणि अपमान यांना प्रतिसाद देणारे भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागतात. हे अंतर पाच फूट आठ इंचाच्या मुलातही तेवढंच असतं. म्हणून मॉनिटर निवडताना अंगापिंडाकडे पाहू नये. पंधरा दिवसांनी मॉनिटर बदलावा, म्हणजे कुणाची वर्षभराची 'सरांचा माणूस' अशी ओळखही होत नाही.

बैठकव्यवस्थेतही तेच. उंच मुलं मागे बसवली की ती जूनपासून एप्रिलपर्यंत मागेच राहतात, आणि शेवटच्या दोन बाकांचं वेगळं राज्य तयार होतं. उंचांना कडेच्या रांगांत बसवा आणि दर सोमवारी प्रत्येक रांग एक बाक पुढे सरकवा, पहिला बाक शेवटी जाईल. शिक्षा म्हणून मुलाला मुलींच्या बाजूला नेऊन बसवण्याची पद्धत अजून काही शाळांत आहे. तिने मुलगा सुधारत नाही, आणि ज्या मुलीशेजारी त्याला बसवलं तिला आठवडाभर चिडवलं जातं. ती बंद करावी.

आवाज फुटण्याचा काळ आठवी-नववीत येतो. त्या काळात मुलाला एकट्याने कविता म्हणायला उभं करू नका. वर्ग अर्धा-अर्धा करून समूहाने म्हणून घ्या किंवा कवितेऐवजी गद्य उतारा वाचायला द्या. एकदा आवाज चिरकला आणि वर्ग हसला, की तो मुलगा पुढचं वर्षभर मराठीच्या तासाला तोंड उघडत नाही आणि आपण शेरा लिहितो, 'वाचनात रस नाही'.

प्रश्न विचारण्याची रीत बदला

या वयात सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. वर्गात मात्र हे प्रेक्षक पुरते काल्पनिक नसतात. साठ जण खरोखरच बसलेले असतात, आणि त्यांतले चार मधल्या सुट्टीत नक्कल करून दाखवायला टपलेले असतात.

मित्रांच्या नुसत्या हजेरीने काय होतं, हे २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी तपासलं. गाडी चालवण्याचा संगणकावरचा एक खेळ त्यांनी १३ ते १६ वर्षांच्या मुलांना, १८ ते २२ वर्षांच्या तरुणांना आणि २४ च्या पुढच्या प्रौढांना दिला. काहीजण एकटे खेळले, काहीजण सोबत्यांच्या घोळक्यात. घोळक्यात खेळताना धोका पत्करण्याचं प्रमाण लहान वयोगटांत प्रौढांपेक्षा बरंच जास्त वाढलं. शिक्षकखोलीत एकटा बोलावल्यावर शहाण्यासारखा बोलणारा मुलगा वर्गात उलट उत्तर देतो, त्यात ढोंग नसतं. वर्गात तो वेगळ्या परिस्थितीत असतो, एवढंच.

म्हणून नाव घेऊन "हं, तू सांग" म्हणण्याआधी त्याच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. क्रम असा ठेवा:

१. प्रश्न फळ्यावर लिहा. कुणाचं नाव घेऊ नका. नाव आधी घेतलं की उरलेले ५९ जण सुटतात.

२. रफ वहीत उत्तर लिहायला ६० ते ९० सेकंद द्या. या वेळात रांगांमधून फिरून आठ-दहा वह्या पाहा. आज उजवीकडच्या रांगा पाहिल्या तर उद्या डावीकडच्या.

३. शेजाऱ्याशी उत्तर ताडून पाहायला एक मिनिट द्या.

४. आता नाव घ्या, पण "तुमच्या बाकावर काय ठरलं?" असं विचारा. चुकलं तर बाकाचं चुकतं.

५. लगेच 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणू नका. तीन बाकांची उत्तरं फळ्यावर लिहा आणि त्यातलं कोणतं टिकेल, हे वर्गाला विचारा.

एका प्रश्नाला चार-पाच मिनिटं जातात. त्यामुळे तासाला असे दोनच प्रश्न घ्या आणि ते आदल्या दिवशी ठरवून ठेवा. बाकीचे छोटे प्रश्न नेहमीसारखे चालतील, पण त्यांनाही थोडा वेळ द्या. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. हाच वेळ तीन सेकंद केला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद मनात मोजून बघा, वर्गापुढे उभं असताना ते फार लांब वाटतात.

पहिल्या आठवड्यात ही रीत फसते. मुलं लिहिल्यासारखं करतात आणि वीस सेकंदांनी शिक्षकाचाच धीर सुटून तो उत्तर सांगून टाकतो. मग 'थांबलं की सर सांगतात' एवढंच वर्ग शिकतो. दोन आठवडे नेटाने चालवा. फिरताना दिसलेली नेहमीची चूक नाव न घेता फळ्यावर मांडा: "काही वह्यांत असं दिसलं." ज्याची चूक आहे तो ओळखतो, बाकीच्यांना कळायची गरज नाही.

चूक दाखवणं, रागावणं, पेपर वाटणं

मुलगा मागच्या बाकावर गप्पा मारतोय. फळ्याजवळून "काय रे, काय समजतोस स्वतःला?" असं विचारलं, तर साठ जणांसमोर या प्रश्नाला देता येण्याजोगी उत्तरं दोनच: उद्धटपणा किंवा शरणागती. चौदाव्या वर्षी शरणागती फार महाग पडते.

त्याऐवजी शिकवणं न थांबवता त्याच्या बाकाजवळ जा. त्याच्याकडे रोखून न पाहता, शेजारच्या बाकालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात काय करायचं ते सांगा: "वही उघड, तिसरं उदाहरण. दोन मिनिटांनी बघतो." आणि तिथून निघून जा. निघून जाणं हा या युक्तीचा प्राण आहे. कमरेवर हात ठेवून उभं राहिलात की तो तुमच्यासमोर वही उघडतो की नाही याचीच पैज लागते. पाठ वळली की बहुतेक मुलं दहा-पंधरा सेकंदांत वही उघडतात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. ते पुटपुटणं ऐकू येऊ देऊ नका. दोन मिनिटांनी मात्र खरोखर परत जा.

मोठा प्रसंग असेल तर "तासानंतर पाच मिनिटं थांब" एवढंच म्हणावं. तासानंतर दोघांचंही डोकं निवलेलं असतं आणि प्रेक्षक गेलेले असतात. पाच मिनिटं म्हणजे पाचच, त्याचा डबा बुडता कामा नये. मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मनाई आहे. सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलणं 'मारलं तर नाही ना' म्हणून सुटत नाही.

चाचणीचे पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने नाव घेत वाटण्याची पद्धत सोडून द्यावी. तळाच्या दहा जणांना आपला क्रमांक आधीच माहीत असतो. तो पुन्हा पुकारल्यावर त्यांच्यापुढे अब्रू राखायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे 'अभ्यासच केला नव्हता' असं दाखवणं. पुढच्या चाचणीला ते खरोखरच अभ्यास करत नाहीत, कारण प्रयत्न करून नापास होण्यापेक्षा न करता नापास होणं मित्रांमध्ये शोभून दिसतं. पेपर हजेरी क्रमांकाने वाटा, गुण आतल्या पानावर लिहा. "ब तुकडी बघा" हे वाक्यही याच जातीचं.

x म्हणजे काय, आणि सिद्धता कशाला

अकराव्या-बाराव्या वर्षापासून अमूर्त विचाराची सुरुवात होते, असं मानसशास्त्रज्ञ पियाजेने मांडलं. त्यावरून 'आठवीच्या मुलाला अमूर्त कळायलाच हवं' असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. ही क्षमता प्रत्येक विषयात वेगवेगळ्या वेळी येते आणि ओळखीच्या विषयात आधी येते. क्रिकेटमध्ये 'पाऊस आला असता तर' या शक्यतांचं जाळं विणणारा मुलगा भूमितीत 'समजा, या रेषा समांतर नाहीत' यापाशी अडतो.

बीजगणितातल्या चुका पाहिल्या की विचार कुठे अडला ते दिसतं. x = ४ असताना ३x म्हणजे ३४ लिहिणारा मुलगा x ला अंक लपवणारी चौकट समजतो. २x + ३ = ५x लिहिणाऱ्याला उत्तरात बेरजेचं चिन्ह उरलेलं खपत नाही. अंकगणितात तसं कधी झालेलंच नसतं. आणि '५ आंबे म्हणजे ५अ' असं शिकवलं असेल तर चूक आपलीच: अक्षर संख्येसाठी असतं, वस्तूसाठी नव्हे.

काडेपेटीच्या काड्यांनी एक तास घ्या. एका ओळीत चिकटून चौकोन मांडायचे: एका चौकोनाला ४ काड्या, दोनांना ७, तिनांना १०. पहिली पाच मिनिटं मांडणी. मग "दहा चौकोनांना?" असं विचारा. काहीजण मांडून मोजतील, चालेल. उत्तर ३१. मग "शंभर चौकोनांना?" इथे काड्या पुरत नाहीत, मुद्दा तोच आहे. ३०१ कसे आले हे शब्दांत लिहायला लावा, अक्षराशिवाय. कुणी लिहील 'पहिली उभी काडी, मग प्रत्येक चौकोनाला तीन', कुणी लिहील 'पहिल्याला चार, पुढच्या प्रत्येकाला तीन'. आता n आणा: १ + ३n आणि ४ + ३(n – १). दोन्ही फळ्यावर शेजारी लिहून विचारा, यातलं खरं कोणतं? कंस सोडवल्यावर दोन्ही एकच निघतात. बैजिक राशी सोपी करण्यात काही अर्थ असतो, हे या क्षणी कळतं. सगळा तास गेला तरी हरकत नाही, पुढचे तीन तास वाचतात.

विज्ञानात या वयाची ठळक अडचण म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवणं. त्यासाठी दोरा आणि लोखंडी नट पुरे. प्रश्न: लंबकाला लागणारा वेळ कशावर ठरतो, दोऱ्याच्या लांबीवर, वजनावर की ढकलण्यावर? आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा आणि पेनाने लिहायचा. बहुतेक वह्यांत 'वजन' येतं. मग चार-चार जणांचे गट करून प्रयोग. लांबी टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची, झोका लहान ठेवायचा आणि दहा आंदोलनांचा वेळ घ्यायचा. २५ सेंमीला सुमारे १० सेकंद, ५० सेंमीला सुमारे १४, १०० सेंमीला सुमारे २० यायला हवेत. एकाऐवजी दोन नट लावले तरी वेळ तोच राहतो, फक्त दोन नटांचा मध्य खाली सरकला तर लांबी पुन्हा मोजून घ्यावी. एखाद्या गटाचे आकडे सतत दहा टक्के कमी येत असतील तर ते नट सोडताना 'एक' मोजताहेत. 'शून्य' म्हणत सोडायचं. बरेच गट लांब दोरा आणि जड नट एकदम घेतील. लगेच थांबवू नका, आकडे येऊ द्या, मग विचारा: "वेळ वाढला तो दोऱ्याने की नटाने, हे शेजारच्या गटाला पटवून द्या." पटवून देता येत नाही, आणि ही अडचण मित्रांसमोर आली की नियम कायमचा लक्षात राहतो. मित्रांचं दडपण एकदा तरी असं आपल्या बाजूने वापरून घ्यावं.

गटात चारच जण, एक कागद, एक पेन. सहा झाले की दोघे प्रेक्षक होतात. कोण सांगणार हे शेवटी चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर हुशार मुलगी लिहिते आणि तिघं गप्पा मारतात.

तीन आठवड्यांचा प्रकल्प आदल्या रात्रीच का होतो

कारण तीन आठवड्यांनंतरची तारीख त्या वयाला दिसतच नाही. योजना आखायला जो भाग लागतो तोच अजून घडतो आहे. प्रकल्प देतानाच तीन तारखा द्या: पाचव्या दिवशी विषय आणि तीन प्रश्न, बाराव्या दिवशी माहितीची कच्ची पानं, एकविसाव्या दिवशी पूर्ण प्रत. एकूण गुणांपैकी निम्मे पहिल्या दोन टप्प्यांना ठेवा. आयता छापील प्रकल्प दुकानातून आणण्याचं प्रमाणही याने बरंच कमी होतं, कारण दुकानात कच्ची पानं मिळत नाहीत.

गृहपाठ घंटा झाल्यावर सांगू नये, तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहावा. तोंडी सूचना एका वेळी दोनच. चौथी सूचना देईपर्यंत पहिली विसरलेली असते.

तासाची पहिली पाच मिनिटं चार प्रश्नांना द्या: दोन कालच्या पाठावर, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. पुस्तक बंद. उत्तरं स्वतःच तपासायची, गुण कुठेही नोंदवायचे नाहीत. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारल्यावर आठवून लिहिणारे पुढे निघाले. मुलांना गाईड वाचत बसायला आवडतं ते यामुळेच, वाचताना येतंय असं वाटतं. हा फरक त्यांना एकदा त्यांच्याच वर्गात करून दाखवा. उपदेशापेक्षा स्वतःच्या वहीतला आकडा त्यांना पटतो.

सात वाजताची शाळा

वयात येताना मेलॅटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा वाढू लागतं. काही मुलांत हा उशीर दोन तासांपर्यंत जातो. दहा वाजता झोप न येणं हा निव्वळ हट्ट नव्हे, आणि गरज मात्र ८ ते १० तासांची. आता हिशेब करा: क्लास सुटतो रात्री नऊला, जेवण, गृहपाठ, थोडा मोबाईल, साडेअकरा. शाळेची गाडी सव्वासहाला म्हणजे उठणं साडेपाचला. सहा तास. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत असं सुचवलं. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने सकाळी नऊ किंवा त्यानंतरची वेळ ठरवली ती चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांचं जैविक घड्याळ पुढे सरकलेलं आहे ती मोठी मुलं सातलाच येतात.

शाळेची वेळ एकट्या शिक्षकाच्या हातात नसते, वेळापत्रक थोडंफार असतं. 'सकाळी डोकं ताजं असतं' म्हणून गणित पहिल्या तासाला ठेवण्याची प्रथा लहान मुलांसाठी ठीक आहे. सातच्या शाळेत नववी-दहावीला गणित दुसऱ्या-तिसऱ्या तासाला चांगलं बसतं. पहिल्या तासात लिहिणं, आकृत्या, प्रयोगाची मांडामांड असं हाताचं काम ठेवा. परिपाठ वर्गात न घेता मैदानात, उजेडात घ्या, सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळ थोडं मागे येतं. पालकसभेत दहा सूचना देण्यापेक्षा एकच द्या: रात्री दहानंतर मोबाईल मुलाच्या खोलीबाहेर चार्जिंगला. घरातल्या सगळ्यांचे मोबाईल तिथे असतील तर हे टिकतं.

पेंगणाऱ्या मुलामागे उपासही असतो. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, नववीपासून तो थांबतो. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ मध्ये (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. त्यासाठी शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती उपाशीपोटी दिली की मळमळतं, एकीला उलटी होते आणि पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग गोळी खिडकीबाहेर टाकतो. म्हणून ती मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर, शिक्षकाच्या समोर द्यावी. शौच काळसर होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवावं.

मोठं समजून बोलणं

या वयाला सर्वांत जास्त भूक मान मिळण्याची असते. वहीतले शेरे त्याच नजरेने वाचले जातात. 'प्रयत्न हवेत' हा शेरा वाचून कुणी प्रयत्न केल्याचं ऐकिवात नाही. २०१४ मध्ये डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या निबंधांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांसोबत एक चिठ्ठी होती: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तुला त्या गाठता येतील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे दिले आहेत, अशा अर्थाची. साधी चिठ्ठी मिळालेल्यांपेक्षा या मुलांनी निबंध पुन्हा लिहून देण्याचं प्रमाण बरंच वाढलं. शिक्षकांवर मुळात कमी विश्वास असलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये सर्वांत जास्त.

आपल्याकडे हे जमवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एकच वाक्य साठ वह्यांत लिहू नका, मुलं वह्या ताडून पाहतात आणि पाच मिनिटांत भांडं फुटतं. आठवड्याला दहा वह्या सविस्तर तपासल्या तर सहा आठवड्यांत वर्ग पुरा होतो, बाकीच्यांवर तोवर नुसती सही चालेल. आणि अपेक्षेच्या वाक्याखाली दोन नेमक्या दुरुस्त्या हव्यातच: "दुसऱ्या परिच्छेदात उदाहरण नाही, एक घाल. शेवटची चार वाक्यं एकच गोष्ट सांगतात, दोन ठेव." नुसती अपेक्षा म्हणजे गोड बोलणं, आणि ते या मुलांना लगेच ओळखू येतं.

निवडीला वाव द्या, पण कुंपण घालून. दहा उदाहरणांपैकी कोणतीही सहा, त्यात सातवं आणि नववं असलंच पाहिजे. व्यसनांवरच्या तासाला 'गुटखा वाईट' हे चित्र चिकटवून उपयोग नाही, ते त्यांना पहिलीपासून माहीत आहे. पानमसाल्याच्या नाहीतर वेलचीच्या जाहिराती आणा आणि विचारा: यात नक्की काय विकलं जातंय, नट कोण घेतलाय, आणि हे कुणाला गाठण्यासाठी? आपल्याला कुणी गंडवतंय हे कळलं की याच वयाचा बंडखोरपणा कामाला येतो.

पाळी, आणि मुलांचेही प्रश्न

मानवी प्रजनन दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये सविस्तर येतं. पहिली पाळी बहुतेक मुलींना सहावी ते आठवीत येते. हे अंतर शाळेने भरून काढावं लागतं, सातवीतच, आणि मुलामुलींना दोघांनाही सांगून. पॅड बाईंच्या कपाटात कुलूपबंद असतील तर मागावे लागतात आणि मागणं प्रत्येकीला जमत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ न मागता घेता येतील असे ठेवा. बाहेर जायची परवानगी मागितली तर कारण विचारायचं नाही, हा नियम सगळ्यांना लागू ठेवा, म्हणजे तो मुलींपुरता राहून उठून दिसत नाही. डाग पडल्याचं सरांच्या लक्षात आलं तर वर्गाला फळ्यावरून काहीतरी उतरवून घ्यायला सांगावं आणि तिच्या मैत्रिणीला हळूच सांगून दोघींना बाहेर पाठवावं.

प्रश्नपेटी ठेवलीत तर चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची. प्रश्न नसेल त्याने 'प्रश्न नाही' असं लिहायचं. एरवी पेटीकडे जाणारा दिसतो आणि पेटी रिकामी राहते. वयात येताना बऱ्याच मुलांचीही छाती थोडी फुगते आणि बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. हा प्रश्न चिठ्ठीत बहुधा येतोच, कारण तो घरी विचारायची सोय नसते.

जे आपण एकट्याने हाताळायचं नाही

चिडचिड, कंटाळा, दार आपटणं हे वयाचं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मित्र तोडणं, गुण एकदम घसरणं, सारखी गैरहजेरी, उन्हाळ्यात लांब बाह्या, 'मी नसलो तर बरं होईल' अशी भाषा, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. बोलायला अशी जागा निवडा जिथे इतरांना तुम्ही दिसाल पण ऐकू येणार नाही. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून" एवढंच म्हणा.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. खोदून प्रश्न विचारू नका. मुलाने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी लिहून ठेवा.

बालमदतीसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून शाळेत लावा. जागा मात्र मुलांच्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू. कार्यालयाबाहेरच्या नोटीसबोर्डावरून हा नंबर उतरवून घेताना कुणी दिसायला तयार नसतं.